धग खालून, पाणी वरून

पिझ्झा भट्टीतच व्हायला हवा असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांचं म्हणणं रास्तच आहे. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांनी १९८४ साली आपली संघटना काढली आणि खरा पिझ्झा कशाला म्हणायचं याचे नियमच लिहून काढले. लाकडावर तापलेली भट्टी, चारशे अंश सेल्सियसच्या आसपासची धग आणि आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत ६० ते ९० सेकंद. २०१७ साली तिथल्या पिझ्झा करणाऱ्या कारागिरांची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही गेली. आता असल्या पिझ्झाशी आपण मागच्या अंगणातल्या ग्रिलवर बरोबरी करायला जायचं, यात काही अर्थ नाही. माझं म्हणणं एवढंच, की बरोबरी करायला जाऊच नये. जाळीवर होतो तो पिझ्झा मुळात वेगळा पदार्थ आहे, आणि तो तसा वेगळा आहे हे एकदा मान्य केलं की निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

सगळा फरक धग कुठून येते यात आहे. भट्टीला घुमट असतो. खालची फरशी पिझ्झाचं बूड भाजते, घुमट वरून आच फेकतो, आणि चीज वितळणं नि बूड खरपूस होणं ही दोन्ही कामं एकाच वेळी उरकतात. ग्रिलला घुमट नाही. निखारे खाली, जाळी त्यांच्या वर, आणि तिच्यावर उघडं आभाळ. झाकण टाकलं तरी आत गरम हवाच काय ती कोंडते, आणि हवा हे उष्णतेचं फार लेचंपेचं वाहन आहे. दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घालता येतो. त्याच ओव्हनच्या ट्रेला मात्र बोट लावून बघा. उलट निखारे सहाशे-सातशे अंशांच्या घरात असतात, आणि वस्तू जितकी तापते त्याच्या कितीतरी पटीने तिची आच वाढते. शास्त्राच्या भाषेत तापमानाच्या चौथ्या घातात. म्हणजे ग्रिलवर खालून येणारी आच जबरदस्त आणि वरून येणारी जवळजवळ नाहीच. या परिस्थितीत कच्च्या पारीवर सॉस, चीज आणि भाज्या रचून ती जाळीवर ठेवली तर काय होणार हे सांगायला नको. बूड कोळसा, वरचं चीज थंडगार, आणि मधला थर ओला गच्च.

यावर बहुतेक लोक पिझ्झा स्टोन, म्हणजे पिझ्झा ज्यावर ठेवून भाजतात तो सपाट दगड, विकत आणतात. मला ते पटत नाही. स्टोन ओव्हनसाठी ठीक आहे, तिथे वरूनही आच असते. ग्रिलवर स्टोन ठेवला की आपण जाळीच झाकून टाकतो, म्हणजे वर पोचणारी थोडीफार गरम हवाही अडते, आणि दगड मात्र खालून तापत राहतो. शिवाय एकदम तापवला की तो तडकतो ते निराळंच. ग्रिल घ्यायचा आणि त्यावर छोटी, अधू भट्टी बांधायला बसायचं, हा उफराटा उद्योग झाला.

खरा उपाय क्रम बदलण्यात आहे, आणि तो लोकप्रिय करण्याचं श्रेय अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका नवराबायकोला दिलं जातं. जोहान किलीन आणि जॉर्ज जर्मन. दोघं कलाशाळेत शिकलेले. स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण नसताना त्यांनी १९८० साली 'अल फोर्नो' नावाचं रेस्टॉरंट काढलं. गंमत म्हणजे या नावाचा अर्थच 'भट्टीतलं', आणि नाव झालं ते जाळीवरच्या पिझ्झामुळे. त्यांची पद्धत अशी: पातळ पारी नुसतीच, काहीही न घालता, थेट जाळीवर टाकायची. खालची बाजू भाजली की उलटायची. आता भाजलेली बाजू वर आली, तिच्यावर चीज आणि बाकीचं घालायचं, तेही मोकळं मोकळं, टोमॅटोचा सरसकट थर न देता ठिकठिकाणी चमचा-चमचा. तोवर दुसरी बाजू होत असते. वरचं सगळं भाजलेल्या कवचावर पडतं, त्यामुळे ओल आत मुरत नाही. इतकी साधी युक्ती, पण तिच्यामुळे पदार्थाचा मध्यच सरकतो. पिझ्झा म्हटलं की आपण वर काय आहे ते विचारतो. इथे आधी खालचं नीट व्हावं लागतं. वरचे सगळे पाहुणे.

पहिल्यांदा करणाऱ्याला हमखास भीती वाटते ती कच्चं पीठ जाळीतून खाली ओघळेल याची. ओघळत नाही. धग लागल्याबरोबर पिठातला स्टार्च साठ-सत्तर अंशांनाच फुगून घट्ट होऊ लागतो आणि काही सेकंदांत बुडाला कातडी धरते. आतल्या पाण्याची वाफ होते ती पारीला वर उचलते, फोड येतात, आणि पारी जाळीवर तरंगल्यासारखी दिसते. सुरुवातीला ती चिकटते हे खरं. पण त्या वेळी उचकटायला जाऊ नये. बुडाची ओल उडाली की ती आपणहून सुटते, आणि सुटली हीच उलटायची वेळ झाल्याची खूण. घड्याळ बघून नाही, चिमट्याने कड जराशी उचलून बघायची. धग चांगली असेल तर मिनिट-दीड मिनिटाचं काम असतं.

पिठाबद्दल मात्र पाल्हाळ लावल्याशिवाय गत्यंतर नाही. अर्धा किलो मैदा, तीनशे ते सव्वातीनशे ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ, दीड-दोन ग्रॅम कोरडं यीस्ट आणि चमचाभर ऑलिव्ह तेल. म्हणजे मैद्याच्या ६० ते ६५ टक्के पाणी. हल्ली सत्तर, पंच्याहत्तर टक्के पाण्याच्या सैल पिठाची फार चलती आहे. भट्टीत त्याची जाळी सुंदर पडते हे मान्य, पण ग्रिलवर असलं पीठ हाताला, ट्रेला, जाळीला, जिथे लागेल तिथे चिकटतं. उलटताना फाटतं. इथे जरा घट्टच बरं.

मळून झालं की एक रात्र फ्रिजमध्ये. जमलं तर दोन. थंडीत यीस्ट पेंगुळतं, पण पिठातली विकरं आपलं काम चालूच ठेवतात. स्टार्च तोडून त्याची साखर करत राहतात. ही साखर पुढे भाजताना रंग आणि खमंगपणा देते. दुसऱ्या दिवशी तेच पीठ हातात घेतलं तर ओढताना आखडत नाही, सुस्तावल्यासारखं पसरतं. घाईचं पीठ, म्हणजे तासाभरात भरपूर यीस्ट घालून फुगवलेलं, खाता येतं; पण त्याला पिठाचीच चव असते, भाजलेल्या पावाची नाही. भरीला वरून साखर घालू नये. ओव्हनसाठीच्या कृतींत चमचाभर साखर असते ती तिथल्या बेताच्या धगीत रंग यावा म्हणून. निखाऱ्यांवर तीच साखर आधी करपते.

लाटायचं की हाताने ओढायचं यावर हिरिरीने वाद घालणारे लोक आहेत. भट्टीतल्या पिझ्झाला लाटणं लावू नये हे बरोबर. काठातली हवा जाते. जाळीवर त्या फुगीर काठाचं तसंही फार कौतुक नसतं. इथे जाडी सगळीकडे सारखी असणं महत्त्वाचं, नाहीतर एक कोपरा करपतो आणि दुसरा कच्चा राहतो. तेव्हा लाटणं खुशाल वापरावं. आकार गोल यायलाच हवा असंही नाही, उलट लांबट, वेडावाकडा असला तर जाळीवर ठेवायला सोपा. एकच पथ्य कडकपणे पाळावं: खाली पीठ भुरभुरवू नये. भट्टीत चालतं, जाळीवर ते निखाऱ्यांत पडून जळतं आणि त्याचा कडवट धूर पारीला लागतो. त्याऐवजी ट्रे उलटा घालून त्याच्या पाठीवर तेलाचा हात फिरवावा आणि पारी त्यावरच पसरावी. दोन्ही हातांनी उचलून, कापड वाळत घालावं तशी जाळीवर घालता येते. तेल निथळेल इतकं मात्र नको. थेंब खाली पडले की ज्वाळा उठतात.

आता पाण्याकडे येते. ताज्या भाज्या घातलेला पिझ्झा, हे ऐकायला फार छान वाटतं. पण ताजं म्हणजे पाणीदार. टोमॅटोत जवळपास ९५ टक्के पाणी असतं. झुकिनीत तेवढंच. मश्रूम आणि ढोबळी मिरचीत नव्वदच्या वर. ताजं मोझरेला तर निम्म्याहून जास्त पाणीच. हे सगळं दोन-तीन मिनिटांसाठी पिझ्झावर ठेवलं, की भाजलं तर काहीच जात नाही, फक्त घाम फुटतो. त्यातलं पाणी उडवायला किती उष्णता लागते याचा हिशेब बघण्यासारखा आहे. बर्फासारखं थंड पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. आणि जोवर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या पुढे सरकत नाही. खमंगपणा सुरू होतो एकशेचाळीसच्या आसपास. म्हणजे टोमॅटोची एक जाडजूड चकती आपल्या खालच्या पारीला कुरकुरीत होऊच देत नाही. ती तिथे बसून सगळी धग एकटी खाते.

म्हणून ताज्या गोष्टींची तयारी म्हणजे पाणी काढण्याची तयारी. टोमॅटो कापायचे, मीठ लावून चाळणीत अर्धा तास ठेवायचे. खाली वाटीत जो रस जमतो तो बघून थक्क व्हायला होतं. (फेकू नये, तेल आणि मिरपूड घालून सॅलडवर घ्यावा.) लहान चेरी टोमॅटो असतील तर अर्धे करून बिया चिमटून काढायच्या. मोझरेला हाताने तोडून कापडावर किंवा चाळणीत पसरून ठेवायचं, निदान तासभर. किसायचं कोरडं मोझरेला आणलं तर ही खटपट वाचते, त्यात पाणी कमी असतं आणि ते लवकर वितळतं, पण त्याला ताज्याचं दुधाळपण नाही. मी दोन्ही घालते: किसलेलं पातळ भुरभुरवून, आणि ताज्याचे चारपाच तुकडे वर. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

बाकी भाज्यांचं काम ग्रिलच करून टाकतो, कारण निखारे तयार व्हायला आणि धग स्थिरावायला वेळ असतोच. ढोबळी मिरची अख्खी जाळीवर ठेवायची, साल काळं पडेपर्यंत, मग झाकलेल्या भांड्यात दहा मिनिटं. साल हाताने निघतं आणि आतला गर गोड, धुरकट झालेला असतो. कणीस तसंच भाजून दाणे सुरीने उतरवायचे. मश्रूम उलटे ठेवायचे, टोपीत पाणी जमलं की ओतून टाकायचं. झुकिनीच्या आणि वांग्याच्या लांब पट्ट्या, कांद्याचे जाड काप. हे सगळं आधी भाजून एका परातीत तयार. पिझ्झावर जाताना त्यांना आता भाजायचं उरलेलं नसतं, नुसतं गरम व्हायचं असतं. लसूण मात्र कापून वर टाकू नये. तो जळतो आणि कडू होतो. तेलात हलका तापवून ते तेल पारीला लावलं की लसूण सगळीकडे पोचतो, दिसत नाही.

आणि काही गोष्टींना धग दाखवूच नये. बेझिलची पानं हे त्यातलं पहिलं नाव. तिचा वास ज्या तेलांत असतो ती उष्णतेने उडून जातात आणि मागे काळी, मलूल चिंधी उरते. पिझ्झा उतरवला की वर पानं तोडून टाकायची. पिझ्झाची स्वतःची ऊब तेवढा वास सोडवायला पुरते. अरुगुला, कोवळा पालक, मुळ्याच्या पातळ चकत्या, लिंबाची किसलेली साल, हे सगळं असंच, शेवटी. माझ्या मते ताजेपणा म्हणतात तो इथेच असतो: गरम, करपट, चिवट पारीवर एकदम थंड आणि हिरवं काहीतरी. आत शिजवलेल्या ताज्या भाजीत तो शोधू नये.

किती घालायचं? वाटतं त्याच्या निम्मं. हा सल्ला सगळे देतात आणि कोणी पाळत नाही, कारण परात समोर भरलेली असते आणि हात आखडता घेणं कंजुषीचं वाटतं. विशेषतः पाहुण्यांना स्वतःचा पिझ्झा स्वतः रचायला सांगितलं की बघावं. माणसं ताटात वाढून घेताना संकोचतात, पिझ्झावर नाही. तीन भाज्या, दोन चीज, वर ऑलिव्ह, मग 'अजून थोडं कणीस'. वजनाने पारी मधोमध वाकते आणि चिमट्याला दाद देत नाही. मी हल्ली लोकांना निवडायला सांगते, रचायला देत नाही.

कोळसा की गॅस, हाही एक कायमचा वाद. कोळशाच्या धुराची चव येते असं म्हणतात. खरं सांगायचं तर दोन-तीन मिनिटांत किती धूर लागणार? जी चव येते ती मुख्यतः करपलेल्या ठिपक्यांची, आणि ती गॅसवरही येते. कोळशाचा खरा फायदा म्हणजे त्याची आच जास्त कडक आणि कोरडी. गॅस जळताना पाण्याची वाफही तयार होते. पण गॅसवर धग कमीजास्त करता येते, आणि चार-पाच पिझ्झे ओळीने करायचे असतील तर ती सोय लहान नाही. काहीही असो, ग्रिलचे दोन भाग करावे लागतात. निखारे एका बाजूला ओढायचे, किंवा गॅसचा एक बर्नर मोठा नि दुसरा मंद ठेवायचा. कडक बाजूला पारीची पहिली बाजू भाजायची, उलटून मंद बाजूला सरकवायची, तिथे निवांत सजवायची आणि झाकण टाकायचं. धग पुरेशी आहे का, हे जाळीच्या वीतभर वर तळहात धरून कळतं. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला की झालं.

झाकणाची एक कथा आहे. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात जॉर्ज स्टीव्हन नावाचे गृहस्थ होते. कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचे, म्हणजे बोयांचे, पत्र्याचे गोळे बनत. त्या काळच्या उघड्या ग्रिलवर वारा नि राख यांचा ताप होता म्हणून स्टीव्हन यांनी १९५२ साली असा एक गोळा आडवा कापला, खालच्या अर्ध्यात कोळसे, वरचा अर्धा झाकण. आज जगभर दिसणारा गोल किटलीसारखा ग्रिल तो हाच. झाकण निखाऱ्यांची हवा आवरतं, आणि गरम हवा वरच्या चीजवरून फिरवतं. तिची ताकद बेताची असली तरी किसलेलं चीज वितळायला तेवढी पुरते, बशर्ते कोणी दर दहा सेकंदांनी झाकण उचलून 'झालं का' बघत नसेल. असा माणूस प्रत्येक घोळक्यात एक असतोच.

जाळीवरच्या पिझ्झाचं जेवण टेबलावर मांडता येत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. एका वेळी एक होतो. तो उतरला की फळीवर कापायचा, सगळ्यांनी एकेक तुकडा उचलायचा, उभ्याउभ्याच. तोवर दुसरा जाळीवर. मग कोणाचा पिझ्झा कोणता हा प्रश्नच उरत नाही, आणि पहिला टोमॅटोचा, दुसरा मश्रूमचा, तिसरा नुसता तेल-मिठाचा असा जेवणाला एक क्रम येतो. करणारा बसत नाही हे खरं. पण त्याच्याभोवती लोक उभे राहतात, हातात सुरी किंवा बेझिलची जुडी देऊन त्यांना कामाला लावता येतं. आणि गरमागरमच खावा लागतो. दहा मिनिटं राहिला तर पारी चामड्यासारखी होते. उरलाच तर दुसऱ्या दिवशी जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये नको.

अननसाचं राहिलं. अननस घातलेला पिझ्झा १९६२ साली कॅनडात ओंटारिओमधल्या चॅटम गावी सॅम पॅनोपूलोस यांनी पहिल्यांदा केला, आणि त्याला हवाईयन हे नाव पडलं. तेव्हापासून त्यावर भांडणं चालू आहेत. २०१७ साली आइसलंडचे अध्यक्ष शाळकरी मुलांशी बोलताना म्हणाले की आपल्याला शक्य असतं तर पिझ्झावरच्या अननसावर बंदी घातली असती. त्यावर जगभर इतका गदारोळ झाला की त्यांना निवेदन काढावं लागलं: असा कायदा करायचा अधिकार मला नाही, आणि नाही याचा मला आनंद आहे. मला वाटतं दोन्ही बाजूंचं भांडण चुकीच्या गोष्टीवरून आहे. डब्यातला अननस पाकात बुडालेला असतो, तो पिझ्झावर टाकला की पाक पारीत उतरतो. लोकांना चीड येते ती त्या गोड लगद्याची. ताज्या अननसाच्या चकत्या आधी जाळीवर दोन्ही बाजूंनी चांगल्या डागून घेतल्या, पाणी आटलं, साखर तपकिरी झाली, की बारीक तुकडे करून वर मिरची आणि खारट चीज यांच्यासोबत घालून बघावं. अध्यक्षमहोदयांनी त्याच निवेदनात पिझ्झावर मासे-कोळंबी घालायची शिफारस केली होती. हरकत नाही, पण कोळंबीही पाणी सोडतेच. तीसुद्धा आधी वेगळी भाजून घ्यावी.